चारशे बारा दुरुस्त्या

३ मार्च

चि. कन्येस,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा अर्जही मिळाला. सात वर्षांनी बापाची आठवण झाली ती सहीसाठी. असो. आधी तुझ्या पत्रातल्या चुका सांगतो. 'आशिर्वाद' नव्हे, 'आशीर्वाद'. 'नसल्या बद्दल' हा एकच शब्द आहे, मधे जागा सोडायची नाही. आणि 'स्विकारावा' मधला 'स्वी' दीर्घ. या तिन्ही गोष्टी तू पाचवीत असताना मी तुला शिकवल्या होत्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. लग्नातलं नाव तू केव्हाच टाकलंस. आता मधलं माझंही नाव काढून तिथे आईचं घालायचं म्हणतेस. 'दोन पुरुषांची नावं वापरून झाली, एकाचाही उपयोग झाला नाही,' असं लिहिलंयस. वाक्य चांगलं आहे, त्यात चूक सापडली नाही. अर्जावर छापलंय, 'वडील हयात असल्यास त्यांची सही आवश्यक'. तर मी हयात आहे, ही तुझी अडचण. महिनाअखेरपर्यंत अर्ज कचेरीत पोचला नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, तेही वाचलं. विचार करून कळवतो.

पत्राच्या शेवटी एका ओळीत तू विचारलंयस, 'आई शेवटी काही बोलली का?' दोन वर्षांपूर्वी कळवलं त्याहून वेगळं सांगण्यासारखं काही नाही. दुपारी तिला बरं वाटेना, संध्याकाळी सगळं आटोपलं. शुद्ध नव्हती. कुणाचं नाव घेतलं नाही. तुला आधी कळवायला वेळच मिळाला नाही.

मी बरा आहे. निवृत्त झालो तरी छापखान्याचा मालक सोडत नाही. कोपऱ्यातलं माझं टेबल त्याने तसंच ठेवलंय. सध्या एका रशियन कादंबरीचा अनुवाद तपासतोय, सहाशे चाळीस पानं. मालक म्हणाला, "काका, हे तुम्हीच बघा. बाकीच्यांना नावं वाचतानाच ठसका लागतो." मला तरी रशियाबद्दल काय माहीत होतं? तिथे बर्फ पडतो आणि माणसं पायघोळ कोट घालतात, एवढंच. पण पहिल्याच प्रकरणात एक गोष्ट कळली. तिथे प्रत्येकाच्या नावाला बापाचं नाव जोडलेलं असतं. बाप तिखोन, तर मुलगा तिखोनोविच आणि मुलगी तिखोनोव्हना. लग्न होवो, मोडो, नवऱ्याचं आडनाव येवो नाहीतर जावो, बापाचं नाव जागचं हलत नाही. डॉक्टर, न्यायाधीश, शेजारी, सगळे त्याच नावाने हाक मारतात. कुणाशी मानाने बोलायचं तर त्याच्या बापाचं नाव घ्यावंच लागतं.

वाचून मला बरं वाटलं. तूही वाचावंस.

तुझे वडील


१० मार्च

चि. कन्येस,

तुझं कार्ड आलं. 'सही पाठवा. कादंबरी नको.' चार शब्द, एकही चूक नाही. प्रगती आहे.

सहीचं पाहतोय. अर्ज टेबलावर आहे, उडू नये म्हणून त्याच्यावर शब्दकोश ठेवलाय. तुला वाटत असेल म्हातारा अडवणूक करतोय. तसं नाही. उभ्या जन्मात मी न वाचता कशावर सही केलेली नाही, आणि तुझा अर्ज वाचायला बसलो की माझं लक्ष माझ्याच नावाकडे जातं. 'रद्द करावयाचे नाव' असा रकाना आहे. त्यात तुझ्या अक्षरात मी आहे. 'र' तू अजून तसाच काढतेस, पोट फुगवून.

कादंबरी नको म्हणालीस तरी सांगतो, कारण इथे सांगायला दुसरं कोण आहे? अनुवाद करणाऱ्या बाईंनी पार घोळ घालून ठेवलाय. गोष्ट आहे तिखोन नावाच्या एका गावातल्या डॉक्टरची आणि त्याच्या मुलीची. मुलीचं नाव अलेक्सांद्रा. बरं. तीन पानांनी बघतो तर कुणी साशा जेवायला बसलीय. मग शुरा म्हणून कुणी तरी पियानो वाजवतेय. मग शुरोच्का रडतेय! पन्नास पानांपर्यंत मी समजत होतो, डॉक्टरला चार मुली आहेत आणि बिचाऱ्याचं घर लहान आहे. मग एका ठिकाणी शुरोच्का दारातून बाहेर गेली आणि बाहेर अंगणात साशा निघाली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अगं, ही सगळी एकच मुलगी!

आता मला सांग, एका माणसाला एका पुस्तकात चार नावं? वाचकाने काय वहीत टिपून ठेवायची? बाईंना विचारावं म्हटलं तर त्या परगावी गेल्या होत्या आणि मालकाला घाई. मग म्हटलं, चाळीस वर्षं काय गवत उपटलं का? बसलो लाल पेन्सिल घेऊन. सहा दिवसांत सगळं एकसारखं केलं. चारशे बारा ठिकाणी दुरुस्ती. आता ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अलेक्सांद्रा आहे, शहाण्या मुलीसारखी. मालक म्हणाला, "काका, तुम्ही आहात म्हणून छापखान्याची अब्रू आहे."

तुझ्या आईलाही हे सांगितलं असतं. ती म्हणाली असती, "चार नावं असली तर असली, तुमचं काय जातं?" तिला नीटनेटकेपणाचं काही नव्हतं. एका चमच्याला ती तीन नावांनी हाक मारायची आणि तिन्ही वेळेला तुला तोच चमचा कळायचा.

सहीचं या आठवड्यात बघतो.

तुझे वडील


१७ मार्च

चि. कन्येस,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काय, हे मला या वयात कळलं.

अनुवादक बाई परत आल्या. पासष्टीच्या असतील, ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा. तरुणपणी तिकडे नऊ वर्षं शिकायला आणि शिकवायला होत्या. छापखान्यात आल्या त्या मशीनच्या आवाजातही ऐकू येईल अशा स्वरात विचारत आल्या, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "मी."

"का?"

"एका मुलीला चार नावं होती. वाचक गोंधळला असता."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, तुम्हाला घरी कुणी कधी लाडाने हाक मारली नाही का हो?"

मालकाला एकदम खोकला आला. मी म्हटलं, "बाई, इथे शुद्धलेखनाचा प्रश्न आहे."

"शुद्धलेखन गेलं खड्ड्यात!" असं म्हणून त्यांनी दोनशे बारावं पान काढून माझ्यासमोर आपटलं. "हे वाचा. बाप वीस पाहुण्यांसमोर तिला 'शुरोच्का' म्हणतो. अख्ख्या पुस्तकातलं हे शेवटचं. पुढच्या पानावर ती सांगते, मी नवऱ्याकडे परत जाणार नाही. आणि बाप काय म्हणतो? 'अलेक्सांद्रा तिखोनोव्हना, आपण जाताना दार लावून घ्या.' पोटच्या पोरीला पूर्ण नाव, वर स्वतःचं नाव जोडून, आणि वर 'आपण'! त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. नुसतं नाव बदललं. तिकडचा माणूस इथे पुस्तक मिटून बाजूला ठेवतो. आणि तुमच्या दुरुस्तीत? आधीही अलेक्सांद्रा, नंतरही अलेक्सांद्रा. म्हणजे काही घडलंच नाही!"

मी हळूच म्हटलं, "पण बापाचं नाव तर मानाचं असतं ना?"

"मानाचंच. परक्यांसाठी. शाळेत मुलं मला तसंच म्हणायची आणि मला ते आवडायचं. पण आपलं माणूस रागाने ते वापरतं, तेव्हा त्याने तुम्हाला घराबाहेर काढलेलं असतं. आजी शुरा म्हणते, मैत्रिणी साशा म्हणतात, आई शुरोच्का म्हणते. कोण काय म्हणतं यावरून कळतं कुणाची माया किती. तुम्ही चारशे बारा ठिकाणी माया खोडलीत, काका."

मी चाळीस वर्षांत पुष्कळ लेखकांची बोलणी खाल्लीयत. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या की मी मनात हसायचो. या वेळी मी लाल पेन्सिल खिशात घातली. त्यांनी मूळ हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही केलंत, तुम्हीच निस्तरा."

आता चारशे बारा ठिकाणं पूर्ववत करतोय. पहिल्या पत्रात बापाच्या नावाचा मी जो डांगोरा पिटला, तो अर्धवट माहितीवर होता. उंटावरचा शहाणा, म्हण हवं तर.

अर्ज अजून इथेच आहे. रागावू नकोस.

तुझे वडील


२३ मार्च

चि. कन्येस,

तू काही लिहीत नाहीस, ते बरोबरच आहे. महिना संपत आला. चार दिवसांत सही पाठवतो. हे पत्र सहीबद्दल नाही.

दुरुस्त्या मागे घेण्याचं काम त्या करण्यापेक्षा अवघड असतं. करताना मी फक्त नाव बघत होतो. आता प्रत्येक ठिकाणी थांबून बघावं लागतं, हाक कोण मारतंय. आई मारतेय का, रागात मारतेय का, मुलगी समोर आहे का खोलीबाहेर. दिवसाला सत्तर व्हायची तिथे पंधरा होतात. दोनशे तेराव्या पानावर, जिथे बाप दार लावून घ्यायला सांगतो, तिथे 'तिखोनोव्हना' परत लिहिताना माझा हात थांबला तो थांबलाच. टेबल सोडून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

तू बॅग घेऊन आलीस त्या दिवशी मी दाराची साखळी काढली नव्हती. फटीतून बोललो. तू म्हणालीस, "बाबा, मी तिथे नाही राहू शकत. मला थोडे दिवस इथे राहू द्या." मी म्हणालो, "लोक काय म्हणतील?" तुझ्या ओठाला लागलेलं होतं, ते मला दिसलं होतं. तेव्हा मी दिसलं नाही असं दाखवलं. आई माझ्यामागे उभी होती. "अहो, निदान आत तरी येऊ द्या तिला," असं ती तीनदा म्हणाली. मी दार लावलं.

आणि दोन दिवसांनी तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. त्याचा कच्चा खर्डा मी तीन वेळा सुधारला होता. 'आपण आपल्या घरी परत जावे हेच उचित.' मायन्यात तुझं पूर्ण नाव, मधे माझं नाव, शेवटी नवऱ्याचं आडनाव. एकही चूक नव्हती. मला त्या पत्राचा अभिमान वाटला होता, हे सांगायला लाज वाटते, पण वाटला होता.

त्यानंतर घरात तुझं नाव निघालं नाही. आई तुला 'ती' म्हणायला लागली. 'तिचं काही कळलं का?' 'तिला थंडी सोसत नाही.' मी प्रुफं पुढे ओढायचो. आईच्या नावाने तुझी पत्रं यायची ती मी छापखान्याच्या खणात ठेवायचो. आईला सांगायचो, काही आलं नाही. ती सगळी आहेत, हवी असतील तर पाठवतो.

आणि आणखी एक खोटं दुरुस्त करायचंय. आईचं सगळं त्या संध्याकाळीच आटोपलं नाही. अकरा दिवस रुग्णालयात होती. शुद्धीवर होती. तुला कळवायला माझ्याकडे अकरा दिवस होते.

परवा अनुवादक बाई काम बघायला आल्या. आता त्या माझ्यावर तेवढ्या चिडत नाहीत, चहा मागवतात. सहज म्हणाल्या, "तुम्हाला मुलगी आहे असं मालक सांगत होते. तिला घरी काय म्हणता?"

मी म्हटलं, "काही नाही. असं काही नाव नाही."

त्यांनी विषय सोडून दिला. पण मला तिथे बसवेना. नेमकं हेच उत्तर मी आधीही एकदा दिलेलं आहे. कधी, ते आज लिहवत नाही.

बाबा


२७ मार्च

भिंगू,

ही अक्षरं मी किती वर्षांनी काढतोय. तू चालायला लागलीस तेव्हा घरभर गरगर फिरायचीस, म्हणून आई तुला भिंगरी म्हणायला लागली. मग भिंगू. लाडात आली की नुसतं 'भिंग'. खोड्या केल्यास की 'भिंग्या, थांब तुला बघते.' बाहेरच्या कुणाला हे नाव माहीत नव्हतं. शाळेत, लग्नात, कुठल्याही कागदावर ते नाही. या जगात ते तीन माणसांना ठाऊक होतं, आता दोघांना आहे.

सही केली आहे. अर्ज सोबत आहे, आज कुरिअरने पाठवतोय, वेळेत पोचेल. 'रद्द करावयाचे नाव' या रकान्याखाली मी माझं पूर्ण नाव नीट लिहून सही केली. आईचं नाव तू ऱ्हस्व लिहिलं होतंस, ते दीर्घ केलं. तेवढी एक दुरुस्ती मी न विचारता केली, ती मात्र राहू दे. सही केल्यावर वाईट वाटलं. पण तुझ्यावर राग आला नाही. तो कुठे गेला कुणास ठाऊक.

आता ते लिहितो. आधी अर्ज पाकिटात घातला, म्हणजे हे वाचून तू काहीही ठरवलंस तरी तुझं काम अडणार नाही.

रुग्णालयात आठवा दिवस होता. आईचा आवाज अगदी बारीक झालेला. वॉर्डात सहा खाटा, तिची खिडकीजवळची. मी शेजारी स्टुलावर बसून प्रुफं तपासत होतो. हो, तिथेही. हात रिकामे राहिले की मला भीती वाटायची. सकाळपासून ती हाका मारत होती. "भिंगू... भिंग..." डोळे दाराकडे. मी "हं, हं" म्हणत होतो आणि मान वर करत नव्हतो.

अकराच्या सुमाराला नर्स आली. चांगली मुलगी होती, तुझ्याच वयाची. तिने वाकून ऐकलं आणि मला विचारलं, "काका, मावशी सारखं काहीतरी मागताहेत. भिंगू की काय. तुमच्यात कुणाचं नाव आहे का हे? बोलवायचं असेल तर आताच बोलवा. मी फोन लावून देते."

मी म्हटलं, "नाही. असं कुणी नाही."

"मग भिंग म्हणत असतील," ती म्हणाली. "दिसत नसेल त्यांना. चष्मा नाहीतर भिंग आहे का तुमच्याकडे?"

भिंगू, माझ्या पिशवीत भिंग होतं. बारीक टाइपासाठी मी ते नेहमी बाळगतो. मी ते काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते आईच्या मुठीत ठेवलं, मूठ मिटली आणि म्हणाली, "घ्या मावशी, मिळालं बघा तुमचं भिंग."

दुसऱ्याची चूक दिसली की मला राहवत नाही, सगळा जन्म तुम्ही दोघी मला त्यावरून हसलात. त्या दिवशी समोर एवढी मोठी चूक झाली आणि मी ती तशीच राहू दिली.

का, तेही सांगतो. लाज होतीच. तुला बोलवायचं म्हणजे मी चुकलो असं कबूल करायचं, ते मला जमलं नसतं. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला भीती वाटली. तू आली असतीस तर ती तुझा हात धरून तुझ्याकडे वळली असती आणि माझ्याकडे पाठ केली असती. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर शेवटचे चार दिवस तरी ती माझ्याकडे तोंड करून असावी, असं मला वाटलं. इतका क्षुद्र विचार होता. मी तो तेव्हाही ओळखला होता.

आईने मूठ उघडली. हातातल्या भिंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं, भिंगू. ते भिंग तिने माझ्या कागदांवर ठेवलं आणि खिडकीकडे कूस वळवली. पुढचे तीन दिवस तिने पाणीसुद्धा नर्सकडेच मागितलं, तेही खुणेने.

मला क्षमा कर असं मी म्हणत नाही. म्हणायला मला तोंड नाही. तुला यावंसं वाटलं तर दाराला आता साखळी नाही, नाही वाटलं तर मी समजून घेईन. पण तू विचारलं होतंस, आई शेवटी काही बोलली का, आणि मी दोनदा खोटं उत्तर दिलं.

बोलली. सकाळपासून अकरापर्यंत तुला बोलावत होती.

बाबा